मुलाचा व्यवसाय

गेल्या महिन्यांत आमच्या वाचकवर्गांतील एका भगिनीचें पत्र आलें. पत्र चार ओळींचें, पण त्यांतील काळजी चार पानांची. त्यांचा नातू सहा वर्षांचा आहे. बोलण्यांत चतुर, पाठांतरांत पुढें. परंतु अजून त्याला सदऱ्याच्या गुंड्या लावतां येत नाहींत, पाटीवर अक्षर ठरत नाहीं, आणि चालतां चालतां तो उंबरठ्यास अडखळतो. मुलांच्या डॉक्टरांनीं तपासून त्यास 'व्यवसायोपचार' द्यावा असें सुचविलें. भगिनी विचारतात, "गुरुजी, सहा वर्षांच्या पोराला आतांपासून कसला व्यवसाय शिकवायचा? आमच्या घरांत आजवर सगळे शिकून नोकऱ्या करीत आले. या लेंकराच्या नशिबीं हातमाग आहे, असें का डॉक्टरांना सुचवायचें आहे?"

पत्र वाचून मला हंसूं आलें नाहीं. कारण अडीच वर्षांपूर्वी हाच प्रश्न मीं स्वतः विचारला होता, आणि तोही जरा चढ्या आवाजांत.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवूं. 'व्यवसाय' म्हटलें कीं आपल्यापुढें दुकान, गिऱ्हाईक आणि भांडवल उभें राहतें. पण हा शब्द मूळचा तसा नव्हे. 'सो' या धातूस 'वि' आणि 'अव' हे दोन उपसर्ग लागून तो झाला आहे, आणि धातूचा अर्थ शेवटास नेणें, संपविणें असा आहे. म्हणून संस्कृतांत व्यवसाय म्हणजे निश्चय, हातीं घेतलेली गोष्ट तडीस नेण्याचा उद्योग. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत बुद्धीस या शब्दाचें विशेषण लावलें आहे तें याच अर्थानें. तेथें दुकानदारीचा कांहीं संबंध नाहीं. इंग्रजींतील 'ऑक्युपेशन' या शब्दाचीही हीच गत झाली आहे. मनुष्याचा वेळ आणि मन ज्यांत गुंतलें आहे तें त्याचें ऑक्युपेशन. मग सहा वर्षांच्या मुलाचा व्यवसाय कोणता? खेळणें, जेवणें, अंग पुसणें, कपडे घालणें, दप्तर भरणें, पाटीवर लिहिणें, मित्राच्या बरोबरीनें धांवणें. हीं कामें ज्याच्या हातून नीट तडीस जात नाहींत त्याला तीं साधावींत म्हणून जो उपचार करावयाचा तो व्यवसायोपचार. औषधाची बाटली त्यांत नाहीं, कामच औषध.

ही विद्या म्हणून मांडली गेली ती अमेरिकेंत. १९१७ च्या मार्च महिन्यांत क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं जॉर्ज बार्टन यांच्या घरीं कांहीं मंडळी जमली आणि त्यांनीं या उपचाराच्या प्रसारासाठीं एक संस्था काढली. बार्टन हे धंद्यानें वास्तुशिल्पी. स्वतः दीर्घ आजारांतून आणि पांगळेपणांतून काम करीत करीत उठलेले. पुढें पहिल्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या शिपायांमुळें या विद्येस एकदम महत्त्व आलें.

आपल्याकडे ती आणणारी बाई मात्र महाराष्ट्राची सून होती, हें थोड्यांस ठाऊक आहे. एलिझाबेथ लंडी हें तिचें माहेरचें नांव. जन्म १९०० सालचा, अमेरिकेंतला; घराणें क्वेकर पंथाचें. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून ती हिंदुस्थानांत आली आणि कमला निंबकर झाली. येथें संसार मांडल्यावर, चाळिशी उलटल्यावर, ती पुन्हां अमेरिकेस जाऊन फिलाडेल्फियाच्या शाळेंत व्यवसायोपचार शिकली. चाळिशीनंतर शाळेच्या बाकावर बसणें काय असतें हें, बाकाच्या समोर तेहतीस वर्षें उभा राहिलेला मनुष्य म्हणून, मी जाणतों. परत आल्यावर कमलाबाईंनीं १९५० मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा सुरू केली. आशिया खंडांतील अशी ती पहिली शाळा म्हणून गणली जाते. १९५२ मध्यें अखिल भारतीय व्यवसायोपचारकांची संस्था निघाली तीही त्यांच्याच पुढाकारानें, आणि त्याच वर्षीं जगांतील दहा देशांनीं मिळून जो संघ उभारला त्यांत हिंदुस्थान पहिल्यापासून होता. पुढें नागपुरासही हें शिक्षण सुरू झालें. तो काळ पोलिओचा होता. मुंबईस फातिमा इस्माईल यांनीं पोलिओनें अधू झालेल्या मुलांसाठीं १९४७ मध्यें जें काम उभें केलें त्याच्या मुळाशींही त्यांच्या स्वतःच्या मुलीचा आजार होता. आज पोलिओ देशांतून गेला. शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारींत बंगालांत सांपडला, त्यानंतर नाहीं. परंतु मुलांचे हात आणि पाय इतर कारणांनीं अडखळावयाचे राहिले नाहींत.

आतां माझ्या घरची गोष्ट सांगतों. आमचें बिऱ्हाड अंबाजोगाईस. दोन भावांचें कुटुंब एका चुलीवर; थोरले बंधू गेले, वहिनी आहेत. घरांत नातू एकच, आणि तोही सात वर्षांच्या वाट पाहण्यानंतर झालेला. अशा मुलाचें जें होतें तेंच त्याचें झालें. त्याचे पाय जमिनीस लागण्यापूर्वीं कोणी तरी त्यास उचलून घेई. पांचव्या वर्षीं त्यास रामरक्षा अथपासून इतिपर्यंत येत होती, आणि पाहुण्यांपुढें ती म्हणवून घेण्यांत मीच आघाडीवर होतों. तोच मुलगा जेवावयास बसला कीं वरणभात ताटांत थोडा आणि मांडीवर फार. जिन्यावरून उतरतांना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकून मग पुढची पायरी. चेंडू टाकला तर तो छातीस लागून खालीं पडल्यावर हात पुढें येत. शाळेंतून चिठ्ठी आली: "हुशार आहे, पण आळशी. वहींत लिहीत नाहीं."

आळशी या शब्दानें मला जितका राग आला तितकाच तो खरा वाटला. मीं त्यास रोज संध्याकाळीं समोर बसवून दोन पानें गिरवावयास लाविलीं. पंधरवड्यांत त्याच्या मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा पडला, अक्षर होतें तेथेंच राहिलें, आणि दिवेलागण झाली कीं त्याचें पोट दुखूं लागलें. शेवटीं सूनबाई कधीं नव्हे ती माझ्यापुढें उभी राहून म्हणाली, "मामंजी, आपण म्हणाल तर डॉक्टरांना दाखवूं. पण हें गिरवणें आतां थांबवूं या." तिच्या आवाजांत उर्मटपणा नव्हता, म्हणूनच मला गप्प बसावें लागलें.

डॉक्टरांनीं डोळे, कान, स्नायू सर्व पाहिलें. दृष्टि चांगली, बुद्धि उत्तम. हालचालींचा मेळ बसण्याची जी शक्ति मुलाच्या वयाबरोबर वाढावयाची ती याच्यांत मागें पडली आहे, असें त्यांनीं सांगितलें. असें मूल विरळा नव्हे. शाळकरी मुलांत शंभरीं पांच-सहा तरी असतात. म्हणजे पन्नासांच्या वर्गांत दोन-तीन. हा आकडा ऐकून मीं मनांतल्या मनांत माझे जुने वर्ग मोजले.

उपचारासाठीं आम्ही लातुरास गेलों. उपचार करणारी बाई म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. माझ्या विद्यार्थिनींत शोभली असती. तिनें पहिल्या दिवशीं पेन्सिल काढलीच नाहीं. कापडाच्या बोगद्यांतून नातवास रांगावयास लाविलें, दोरीस लोंबकळविलें, झोक्यावर पालथें निजवून खालच्या टोपलींत चिंचोके टाकावयास सांगितले. मीं घड्याळ पाहिलें. साठ किलोमीटर एस. टी. नें येऊन हा पोरखेळ पाहावयाचा, असें माझ्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलें असावें, कारण ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, जरा इकडे येतां?"

तिनें माझ्या दोन्ही हातांत थंडीचे जाड लोकरी मोजे घातले. मग मला एका डुगडुगणाऱ्या फळीवर बसविलें, पेन्सिल दिली, आणि म्हणाली, "आतां तुमचें नांव लिहा. सुवाच्य. आणि मी तीसपर्यंत मोजायच्या आंत." माझें अक्षर, सांगावयास हरकत नाहीं, तालुक्यांत नांवाजलेलें आहे, शाळेंतील समारंभांचे फलक माझ्या हातचे असत. त्या दिवशीं माझ्या नांवाचें पहिलें अक्षर कागदाबाहेर गेलें आणि दुसऱ्यावर पेन्सिलीचें टोंक मोडलें. ती मोजतच होती. पंचविसापाशीं मला घाम आला. "नातवाला रोज असंच वाटतं," ती म्हणाली. तिनें आवाज चढविला नाहीं.

मग तिनें समजावून सांगितलें तें असें. आम्ही न्यायशास्त्राचे चार पाठ घेतलेले लोक इंद्रियें पांच म्हणून शिकलों. पण शरीराच्या हालचालीस ज्यांचा मुख्य आधार तीं दोन निराळींच आहेत. एक कानाच्या आंत असतें. तेथें तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत; डोकें कोणीकडे वळलें, शरीर पडतें आहे कीं स्थिर आहे, हें त्या कळवितात. दुसरें स्नायूंत आणि सांध्यांत पसरलेलें. डोळे मिटूनही आपला हात कोठें आहे हें ज्यामुळें कळतें तें. आपल्या बायका आरशाशिवाय पाठीमागें वेणी घालतात त्या याच जाणिवेच्या जोरावर. ही जाणीव ज्याची अंधुक, त्याला प्रत्येक गुंडी डोळ्यांनीं शोधावी लागते, आणि पेन्सिल किती जोरानें धरावी हें कळत नाहीं म्हणून तो ती मुठींत आवळतो. त्यांत त्याचें सारें लक्ष खर्च होतें. 'ध'चा 'मा' झाला कीं नाहीं हें पाहावयास लक्ष शिल्लकच उरत नाहीं.

दुसरी गोष्ट, हात खांद्यापासून खालीं तयार होतो. मूल पालथें पडून मान उचलतें, हातांवर भार घेतें, रांगतें, तेव्हां खांदा घट्ट होतो, खांदा घट्ट झाल्यावर मनगट मोकळें होतें, मनगटानंतर बोटें. सहा महिन्यांचें मूल वस्तू पंजानें ओढतें, आणि वर्षाचें होतां होतां अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत जमिनीवरचा लाह्यांचा तुकडा उचलूं लागतें. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वर्तुळ, चौथ्यास फुली, पांचव्याच्या आगेंमागें त्रिकोण काढतां येऊं लागतो. ज्याला अजून त्रिकोण साधत नाहीं त्याच्यापुढें आम्ही 'क्ष' ठेवतों, आणि तो चुकला कीं कान धरतों.

आणि आपली देवनागरी कांहीं सोपी लिपि नव्हे. मीं आयुष्यभर ती शिकविली, पण हाताच्या बाजूनें तिचा विचार त्या दिवसानंतर केला. अक्षराच्या डोक्यावर मात्रा, पोटाखालीं उकार, बाजूस काना. ऱ्हस्व वेलांटी बोलण्यांत मागून येते आणि कागदावर पुढें बसते. रफार ज्या अक्षराआधीं उच्चारावयाचा त्याच्याच डोक्यावर जाऊन बसतो. 'क'ची गांठ डावीकडून निघून उजवीकडे जाते, 'ळ'मध्यें हात दोनदां दिशा बदलतो, आणि हें सर्व झाल्यावर शिरोरेखा. आमच्या गांवीं दासोपंतांची पासोडी आहे. लांबलचक कापडावर सबंध ग्रंथ लिहिलेला. लहानपणापासून ती पाहतांना मी भक्तीनें हात जोडीत असें. अलीकडे पाहिली तेव्हां मनांत आलें, कापडावर, शाईनें, इतक्या ओळी सरळ ठेवणाऱ्या त्या हातांत केवढी शक्ति असेल!

परत येतांना एस. टी. त नातू माझ्या मांडीवर झोंपी गेला आणि मला एक जुना मुलगा आठवला. साल १९८८ असेल. मी तेव्हां एका खेड्यांतील शाळेंत होतों. तो मुलगा पाढे तोंडपाठ म्हणे, तिसाचे पाढेसुद्धां. पाटीवर मात्र त्याचा २ उलटा, ७ आडवा. मीं त्यास सोंग घेतोस म्हणून बाकावर उभें केलें. एकदां, जिल्ह्याचे साहेब तपासणीस यावयाचे होते त्याच्या आदल्या दिवशीं, त्याच्या बोटांच्या पेरांवर रूळ मारला. ज्या बोटांत जाणीव कमी त्याच बोटांवर! सातवीनंतर त्यानें शाळा सोडली. आज बाजारपेठेंत त्याचें किराणा मालाचें दुकान आहे. हिशेब अजून तोंडी करतो आणि चुकत नाहीं. खातेंवही त्याची बायको लिहिते. मी दुकानावरून गेलों कीं तो गल्ल्यावरून उठून पायां पडतो आणि म्हणतो, "गुरुजी, तुमच्यामुळं पाढे पक्के झाले." मीं त्यास अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलास मारणें बंद केलें आहे; तो कायदा वीस वर्षें आधीं आला असता तर, असें पूर्वीं मला कधीं वाटलें नव्हतें.

उपचाराची रीत कशी असते हें वाचकांस कळावें म्हणून एक उदाहरण सविस्तर देतों. नातवास गुंडी लावावयास शिकवावयाची होती. आम्ही काय करीत असूं? पहिली गुंडी त्यानें लावावी म्हणून उभें राहूं, तो झगडे, शाळेची वेळ होई, आणि मग सूनबाई भरभर साऱ्या गुंड्या लावून टाकी. म्हणजे रोज सकाळीं त्याचा पहिला अनुभव हरण्याचा. लातूरच्या बाईंनीं क्रम उलटविला. गुंडी अर्धी काजांतून तुम्हीं काढावी. उरलेली अर्धी ओढून घेण्याचें तेवढें त्याचें काम. तें साधलें कीं काजांत घालणेंही त्याचें. मग काज शोधणें. शेवटची पायरी आधीं शिकवावयाची, म्हणजे प्रत्येक वेळीं काम त्याच्या हातानें संपतें. व्यवसाय शब्दांतील धातूचा अर्थ मीं वर सांगितलाच आहे.

कामाचे असे तुकडे पाडणें पाहून मला आमच्या वेदशाळेंतील पदपाठाची आठवण झाली. सलग संहिता मुखांत बसण्यासाठीं पूर्वजांनीं तिचीं पदें सोडविलीं, मग तीं दोन-दोन जोडून क्रमपाठ केला, मग जटा, मग घन. जिभेसाठीं आपण एवढा विचार केला. हातासाठीं मात्र 'गिरव' या एका शब्दावर भागविलें.

थोडें मोठें झाल्यावर मुलास स्वतःलाच विचारावयास शिकवितात: मला काय करावयाचें आहे, कसें करीन, करून पाहिलें, जमलें काय, नसल्यास कोठें अडलें? कॅनडांतील तज्ज्ञांनीं बसविलेली ही पद्धति आहे. नातवानें बुटाची नाडी अशी शिकली. एके दिवशीं तो मला म्हणाला, "आजोबा, माझी योजनाच चुकली होती. मी कान मोठा करत होतो." सात वर्षांच्या मुलाच्या तोंडीं 'माझी योजना' हे शब्द ऐकून मी थक्क झालों. पूर्वीं तो म्हणे, "मला येतच नाही."

उपचार घरांत शिरला तेव्हां मात्र खरी अडचण उभी राहिली, आणि ती आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांची खास आहे. बाईंनीं सांगितलें होतें कीं त्यानें आपल्या हातानें जेवावें, सांडलें तरी. आमच्या वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. या मुलास भरवणें हें त्यांच्या दिवसाचें मुख्य सुख. पहिल्या दिवशीं अर्धें ताट सांडलें. वहिनी उठून आल्या. "लेंकरूं उपाशी राहिलं तरी चालेल का तुम्हांला? त्या पोरीला विचारून मुलं वाढवायचीत होय आतां?" सूनबाई खालीं मान घालून म्हणाली, "मोठ्या आई, ती म्हणाली पंधरा दिवस बघा." वहिनी दोन दिवस जेवावयास सर्वांबरोबर बसल्या नाहींत. ज्यांनीं माझ्या मुलांस वाढविलें त्यांना 'तुमच्या मायेनें हा दुबळा होतो' असें कोणीं सांगावें? आणि तें पूर्ण खरेंही नव्हे. त्याची अडचण जन्माची होती, मायेनें ती झांकली मात्र.

तोड निघाली ती सौ. नें काढली. तिनें वहिनींस सांगितलें कीं भरवूं नका, पण त्याच्या बोटांस काम द्या. तेव्हांपासून दुपारीं दोघे वाती वळूं लागले. कापसाची पेळू दोन बोटांत धरून दुसऱ्या हातानें ओढावयाची. जोर फार झाला कीं तुटते, कमी पडला कीं वळत नाहीं. लातूरच्या बाईंनीं हें ऐकलें तेव्हां त्या हंसून म्हणाल्या कीं आमच्या कपाटांत याहून चांगलें साधन नाहीं. मग शेंगा सोलणें, कणकेचे गोळे करणें, पारिजातकाचीं फुलें दोऱ्यांत ओवणें, वल्हांड्यांत सागरगोटे. पेन्सिलीचा बोटभर तुकडाच द्यावा, असेंही त्यांनीं सांगितलें; तुकडा मुठींत मावत नाहीं, चिमटींतच धरावा लागतो. माझ्या वर्गांत असे तुकडे मी जप्त करीत असें. फळ्यावर उभ्यानें लिहिल्यानें मनगट योग्य वळणावर राहतें, म्हणून परसांतल्या भिंतीचा एक भाग काळा रंगविला. मोठी माणसें पेन्सिल कशी धरली याचा जो बाऊ करतात तो फारसा खरा नाहीं. तीन बोटांची पकड उत्तम, पण चार बोटांनीं धरूनही अक्षर वेगानें व नीट येत असेल तर तेथें भांडूं नये.

येथें डावरेपणाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. शंभर माणसांत सुमारें दहा डावरीं असतात, आणि तो दोष नव्हे. आपल्या घरांतून जेवणें आणि देवकार्य उजव्या हातानें व्हावें असा दंडक असल्यामुळें कित्येक मुलांचा डावा हात बांधून ठेवीत. माझ्या धाकट्या भावाचा ठेवलेला मीं पाहिला आहे. लिहिण्याचा हात तरी मुलावर सोडावा. परंतु एक खूण आयांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. हाताची आवड पहिल्या वर्षांत ठरत नसते. वर्षाच्या आंतलें मूल एकच हात चालवीत असेल आणि दुसरा मुठीसारखा मिटून बाजूस ठेवीत असेल, तर 'डावरा होणार' म्हणून कौतुक न करतां तें लगेच डॉक्टरांस दाखवावें. त्या दुसऱ्या हाताकडे जाणारी मेंदूंतील वाट दुखावलेली असूं शकते, आणि उपचार जितका लवकर तितका तो हात उपयोगीं येतो.

या विद्येंत सारेंच सोनें आहे असें मी म्हणत नाहीं. ज्ञानेंद्रियांच्या जाणिवांचा मेळ घालण्याचा जो भाग जीन आयर्स या अमेरिकन विदुषीनें १९७२ च्या आपल्या ग्रंथांत मांडला, त्याच्या फळाविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेंही २०१२ मध्यें सावधगिरीचें मत दिलें होतें. ज्या कामाची अडचण आहे तेंच काम तुकडे पाडून, घरीं आणि शाळेंत, रोज थोडें थोडें करविणें, यास मात्र अलीकडच्या अभ्यासांचा चांगला आधार आहे. कोणी झोक्यावर बसवून सहा महिन्यांत सर्व बरें करतों म्हणून मोठी रक्कम मागूं लागला तर उठून यावें. महाराष्ट्रांत व्यवसायोपचारकांच्या नोंदणीसाठीं २००२ च्या कायद्यानें परिषद नेमली आहे. नोंदणी आहे काय, हें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं.

जुन्या शिक्षणसंस्था बहुतेक मुंबईस आणि नागपुरास, आणि शिकलेलीं मुलेंमुली तिकडेच राहतात. आमच्या भागांत साठ किलोमीटर जाणें हेंही भाग्य समजावें. २०१३ पासून सरकारनें शाळा व अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीची राष्ट्रीय योजना चालविली आहे, आणि ज्याचा विकास मागें पडला त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडण्याची तरतूद तींत आहे. तेथें पैसे पडत नाहींत. पण आमच्या बीड जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर हजारो कुटुंबें ऊसतोडीस कारखान्यांच्या रानांत जातात आणि उन्हाळ्यांत परततात. भाद्रपदांत तपासलेलें मूल कार्तिकांत कोपीवर असतें. लातूरच्या बाईंच्या दारांत मीं अशी एक आई पाहिली. मुलाचे दोन्ही पाय ताठ, वय चार. बाईंनीं तिला गोणपाटाची गुंडाळी करून मूल तिच्या आधारानें कसें बसवावें हें तीनदां करून दाखविलें, कारण पुढची भेट सहा महिन्यांनीं. तिला पाठ होईतों ती उठली नाहीं. आमचा नातू दर गुरुवारीं जातो.

पत्रलेखिका भगिनींस माझें सांगणें इतकेंच कीं डॉक्टरांनीं सुचविल्याप्रमाणें एकदां जाऊन यावें, आणि बरोबर आजोबांसही न्यावें. पहिल्या भेटींत 'याला काय झालें आहे' हें विचारण्यापूर्वीं, घरांतील कोणतीं तीन कामें त्याला स्वतःला करावीशीं वाटतात हें त्याच्याकडून लिहून घेऊन जावें. आमच्या चिरंजीवाच्या यादींत अक्षर नव्हतेंच. तेथें होतें: पतंग उडवणें, जिना भरभर उतरणें, आणि मोठ्या आजीला पाणी आणून देणें, न सांडतां.

अक्षर अजून वाकडें आहे. वाचतां येतें. जिना तो आतां एका पायरीस एक पाय टाकून उतरतो, पतंग अजून सौ. च्या हातांत जास्त असतो. वैशाखांत त्याची मुंज ठरली आहे. आचमनासाठीं बोटें जुळवून तळहाताचा खळगा करावयाचा, त्यांत पळीभर पाणी घ्यावयाचें आणि तें मनगटाच्या बाजूनें ओठांशीं न्यावयाचें. त्याच्यासारख्या हातास हें केवढें अवघड हें मला आतां कळतें. म्हणून महिन्यापासून आम्ही दोघे रोज सकाळीं तुळशीपाशीं बसतों. पहिल्या आठवड्यांत पाणी कोपरावरून सदऱ्यांत जाई. काल तीन पळ्यांपैकीं एक ओठांपर्यंत पोहोंचली. उरलेलें पाणी फरशीवर सांडलें तेव्हां वहिनी ओसरीवरून पाहत होत्या. त्या फडकें घेऊन उठल्या, जवळ आल्या, आणि तें त्यांनीं त्याच्या हातीं दिलें.